निरोपाची घरभेट

त्या गावात माझ्या वडिलांना पाच वर्षांत कुणी वाईट वागवलं नाही, असं आमच्या घरात म्हणायची पद्धत आहे. पप्पा म्हणतात, आई त्यांच्यासाठी म्हणते, आणि नव्या चर्चच्या मंडळीत कुणी विचारलं की मीही म्हणायचे. आता म्हणत नाही. म्हणूनच हे लिहून काढतेय.

गाव शिकागोपासून गाडीनं सहा तासांवर. चौकात एक गॅस स्टेशन, एक पोस्ट, धान्याची दोन उंच कोठारं, एक चर्च आणि चर्चला लागून आमचं घर. बाकी मका. मका कापला की काहीच नाही. पप्पा तिथे मिशनरी होते. हे सांगितलं की शिकागोजवळच्या शॉमबर्गमधले आयटीवाले काका हसतात. "मिशनरी इकडून तिकडे जायचे ना गं? तुमचं उलटं कसं?" उलटंच आहे. पप्पांच्या पणजोबांना नगर जिल्ह्यात ज्या पंथाच्या गोऱ्या पाद्र्यानं बाप्तिस्मा दिला, त्या पंथाकडे आता स्वतःच्या खेड्यांत पाठवायला पाळक नाहीत. त्यांच्या तरुणांना तिथे राहायचं नसतं. मग आमच्यासारख्यांना बोलावतात, धार्मिक कामाचा व्हिसा देतात आणि त्याला सेवा म्हणतात. पाच वर्षं झाली की व्हिसा संपतो. सेवा संपली, चालते व्हा. किंवा कायम राहायचा कागद मिळवा.

आमचा व्हिसा डिसेंबरअखेर संपत होता. चर्चही नाताळनंतर बंद होणार होतं, कारण उपासनेला अकरा माणसं उरली होती आणि त्यातली दोघं ऑक्सिजनची नळी लावून यायची. शॉमबर्गजवळच्या एका मंडळीनं पप्पांना बोलावलं होतं. तिथे मराठी आणि तेलुगू कुटुंबं होती. कायम राहायचा अर्ज त्यांनीच भरला होता. अर्ज आत गेला होता, उत्तर यायचं होतं. उत्तर येईपर्यंत आम्हाला देशात राहता येणार होतं. उत्तर 'नाही' आलं तर बॅगा भरून नगर. मी तेव्हा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात होते.

वकील काकू नागपूरच्या. फोनवर त्या फार गोड बोलायच्या नाहीत, म्हणून मला आवडायच्या. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांनी स्पीकरवर आम्हा तिघांना ऐकवलं. "एकच गोष्ट सांगते, नीट ऐका. पोलिसांच्या कागदावर नाव येता कामा नये. स्पीडिंगचं तिकीटसुद्धा नको. कुणाशी वाद नको, कुणाच्या भांडणात मध्ये पडणं नको. अर्ज बघणारा माणूस नाव टाइप करतो आणि स्क्रीनवर जे येईल ते वाचतो. त्याला तुम्ही पाद्री आहात की पॉकेटमार, फरक पडत नाही. घरात बसा, केक खा."

त्या दिवसापासून आमच्या घरात भीती राहायला आली. आई स्टॉपच्या पाटीपाशी गाडी थांबवून मनात पाचपर्यंत मोजायची. पप्पा लिमिटपेक्षा पाच मैल हळू चालवायचे, मागे ट्रॅक्टरवाले हॉर्न मारायचे. त्या वर्षी फोनवर रोज नवीन व्हिडिओ यायचे. कुणाला इमिग्रेशनवाल्यांनी कोर्टाच्या दारातून उचललंय, कुणाला शाळेच्या पार्किंगमधून. मी ते बघायचे आणि आईला दाखवायचे नाही. आई तेच व्हिडिओ बघायची आणि मला दाखवायची नाही. मी लायब्ररीतल्या प्रिंटरवर 'तुमचे हक्क ओळखा' अशी छोटी कार्डं छापायला लागले होते, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. एक माझ्या कोटाच्या खिशात कायम असायचं. दार उघडू नका. काही बोलू नका. सही करू नका. तीनही वाक्यं पाठ होती.

पप्पांची भीती वेगळी होती. त्यांना एक घर राहून जायची भीती होती.

आमच्याकडे पाळक मंडळी सोडून जाताना निरोपाच्या घरभेटी करतो. यादीतलं प्रत्येक घर. येणारं, न येणारं, रुसलेलं. रुसलेल्या घरी तर आधी जायचं. कुणाशी अबोला ठेवून प्रभुभोजनाच्या मेजापाशी उभं राहायचं नाही, असं पप्पांच्या वडिलांनी त्यांना शिकवलं होतं. आणि आधी फोन करायचा नाही. फोन करून येणारा पाळक म्हणजे साहेब. त्याच्यासाठी लोक पलंगपोस बदलतात आणि खरं काही सांगत नाहीत.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी यादीत एकच घर उरलं होतं. गावाबाहेर चार मैलांवरचं शेत. तिथली म्हातारी जन्मापासून आमच्या चर्चची सभासद होती. पप्पा आले त्या वर्षापासून तिच्या मुलानं तिला आणणं बंद केलं. मुलगा साठीचा असेल. दोन वर्षांपूर्वी पप्पांनी त्याला गॅस स्टेशनवर गाठून विचारलं होतं, आईला भेटायला येऊ का? तो हसून म्हणाला, "तिला पाहुणे झेपत नाहीत, रेव्हरंड. पण विचारलंत, बरं वाटलं."

स्वयंपाकघरात आई करंज्या तळत होती. त्यासाठीचा बारीक रवा आणि खसखस नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत शिकागोतल्या देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरून आणली होती. सगळ्या घराला तुपाचा वास.

"त्या घरी नका जाऊ," आई म्हणाली.

"म्हणजे एक घर सोडून बाकीच्यांचा निरोप घेतला, असं देवाला सांगू?"

"देवाला सगळं माहीत आहे. त्याला व्हिसा लागत नाही."

"पप्पा, त्यानं नाही म्हटलंय," मी म्हणाले.

"कधी? उलट बरं वाटलं म्हणाला."

"ते नाहीच असतं. इथे असंच नाही म्हणतात."

"अगं, तुझी मावशी नाही का? कशाला आलात, माझी तब्येत बरी नाही, कुणी येऊ नका मेलं. आणि आपण गेलो नाही तर वर्षभर बोलत नाही. आजारी माणूस नकोच म्हणतं. आपण जायचं असतं."

इथेच सगळं आहे. माझ्या वडिलांनी पाच वर्षांत इंग्रजीत दोनशेच्या वर प्रवचनं दिली. पण पहिलं 'नको' हे नुसतं म्हणायचं असतं आणि तिसरं 'नको' खरं असतं, हे त्यांच्या हाडात होतं, ते गेलं नाही. तो माणूस दोन वर्षांपूर्वी नको म्हणाला होता. पप्पांच्या हिशेबी आम्ही आग्रहाची दोन वर्षं फुकट घालवली होती.

"मी चालवते," मी म्हणाले. ते जाणारच होते. निदान बोलायला मी असेन, असं मला वाटलं. माझं इंग्रजी इथलं आहे. मला वाटायचं, इंग्रजी इथलं असलं की काही होत नाही.

आईनं करंज्यांचा डबा माझ्या हातात दिला आणि पप्पांना ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "पाच मिनिटं. इंजिन बंद करू नकोस."

रस्ता खडीचा, त्यावर गोठलेला बर्फ. साडेतीनलाच उजेड राखेसारखा झाला होता. शेताच्या वाटेच्या तोंडाशी दोन पाट्या होत्या. एकीवर खासगी मालमत्ता. दुसरीवर पिस्तुलाचं चित्र आणि खाली, कुत्र्याला घाबरू नका, मालकाला घाबरा. पप्पांनी ती मोठ्यानं वाचली आणि हसले. "विनोदी आहे माणूस."  मी तिथूनच गाडी वळवायला हवी होती. मी वळवली नाही, कारण सतरा वर्षांची मुलगी बापाला भित्रा म्हणू शकत नाही, आणि स्वतःला त्याहून नाही.

अंगणात पिकअप नव्हता. मला इतकं हलकं वाटलं की मी डबा घेऊन स्वतःच पुढे झाले. पप्पा मागून आले आणि घराच्या बाजूच्या दाराकडे वळले. त्या भागात ओळखीची माणसं बाजूच्या दारानं जातात, पुढच्या दारानं फक्त परके आणि पोलीस. हे ते पाच वर्षांत शिकले होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता. पायरीवर त्यांनी बूट काढून नीट जोडीनं ठेवले.

"पप्पा, बूट आत काढा, बर्फ आहे."

"दुसऱ्याच्या घरात चिखल नेऊ का?"

दार म्हातारीनंच उघडलं. लहानशी, पुरुषी स्वेटर घातलेली. पप्पांकडे बघून म्हणाली, "उशीर केलात."

"हो," पप्पा म्हणाले. "फार उशीर झाला. माफ करा."

तिला कोण वाटलं ते मला आजही माहीत नाही. डॉक्टर असेल, पाळक असेल, कुणी मेलेला भाऊ असेल. स्वयंपाकघर गरम होतं, टीव्हीवर हवामान मोठ्या आवाजात चालू होतं. टेबलावर वारांची नावं लिहिलेली गोळ्यांची डबी, त्या दिवशीचा, बुधवारचा खण अजून भरलेला. तिनं तीन करंज्या खाल्ल्या. पिठीसाखर हनुवटीला लागली. पप्पांनी लहानशा पेटीतून प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस काढला आणि विचारलं, घेणार का. ती म्हणाली, विचारता काय. प्रार्थनेचा एकूण एक शब्द तिला पाठ होता. पप्पा अडखळले तिथे ती पुढे म्हणाली. पप्पांचे डोळे भरले होते. मी खिडकीपाशी उभी राहून वाट बघत होते. पाच मिनिटांची वीस झाली. बाहेर आमची गाडी धूर सोडत उभी होती.

वाटेच्या टोकाला दिवे दिसले.

पिकअप घरापर्यंत आला नाही. आमच्या गाडीच्या मागे, वाट अडवून, आडवा थांबला. दिवे चालूच. आत माणूस होता आणि तो फोनवर बोलत होता.

"पप्पा, चला."

"आले का ते? बरं झालं. भेटून जाऊ."

"पप्पा, नका."

ते बाजूचं दार उघडून पायरीवर गेले. हात वर करून हलवला. "मेरी ख्रिसमस," ते म्हणाले. अंधार पडायला लागला होता, आणि त्या माणसाला काय दिसलं ते मला समजतं. सुरू ठेवलेली परकी गाडी. आईच्या दारात पुरुषाचे बूट. आणि एक काळा माणूस घरातून बाहेर येतोय. समजतं म्हणून मी त्याला माफ केलं असं नाही. तो आम्हाला ओळखत होता. गॅस स्टेशनवर पाच वर्षं ओळखत होता.

तो उतरला आणि ओरडला, "तिथेच थांबा. हात दिसू दे."

पप्पांनी हात वर केले. त्याच्या हातात काहीतरी होतं, ते दिव्यांच्या झोतामुळे मला दिसलं नाही. फोन असेल. मी म्हणते फोन होता.

"मी आहे, पाळक," पप्पा म्हणाले. "तुमच्या आईला भेटायला आलो."

"माहितीये तुम्ही कोण ते. थांबा तिथेच. शेरीफ येतोय."

माझे वडील पायमोज्यांवर, बर्फाच्या पायरीवर, हात वर करून शेरीफचा डेप्युटी, म्हणजे तिकडचा पोलीस, येईपर्यंत उभे राहिले. बूट त्यांच्या पायापासून वीतभर अंतरावर होते आणि ते घालायला वाकायची त्यांची हिंमत नव्हती. माझीही नव्हती. मी दाराच्या आत उभी होते. पायमोजे आधी पांढरे होते, मग भिजून राखाडी झाले. मला वाटलं, मी काही बोलले आणि त्या माणसाचा हात हलला तर? म्हणून मी बोलले नाही. मागे टीव्ही रात्री आणखी बर्फ पडेल असं सांगत होता.

डेप्युटी तरुण होता. आमच्याच हायस्कूलचा, माझ्या चार-पाच वर्षं पुढचा असेल. त्यानं पप्पांना हात खाली करायला सांगितलं आणि विचारलं, इथे काय करताय? पप्पांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मी बोलले. खिशातलं कार्ड माझ्या तोंडून बाहेर आलं. आम्हाला उत्तर द्यायची गरज नाही. आम्ही जायला मोकळे आहोत का ते सांगा. माझा आवाज चिरका झाला होता. डेप्युटीचा चेहरा तोपर्यंत बरा होता, तो दारासारखा बंद झाला.

"कुणी काही केलं नाही तर उत्तर द्यायला काय हरकत आहे?" तो म्हणाला. "काही लपवायचंय का?"

"गप्प बस, बाई," पप्पा मराठीत म्हणाले. त्यांनी मला आयुष्यात तेवढं एकदाच 'बाई' म्हटलं आहे. आणि मग त्यांनी सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. नाव. पत्ता. किती वर्षं. कशासाठी. लायसन्स काढून दिलं. मी आजही ती कार्डं वाटते आणि त्यांतलं प्रत्येक वाक्य खरं आहे. पण ते वाक्य शेतावर, साक्षीदार नसताना, बंदुकीचा पट्टा बांधलेल्या पोराला म्हणणं म्हणजे काय, ते कार्डावर लिहिलेलं नसतं. आता मी वाटताना तोंडी सांगते.

"त्यांनी आत बोलावलं," पप्पा म्हणाले. "त्यांना विचारा."

म्हातारी माझ्या खांद्यामागे उभी होती. डेप्युटीनं टोपी काढली आणि विचारलं, "मॅम, यांना ओळखता का तुम्ही?"

तिनं पप्पांकडे बघितलं. मग अंगणात उभ्या असलेल्या मुलाकडे. मग परत पप्पांकडे. तिच्या हनुवटीला पिठीसाखर तशीच होती.

"नाही," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघत राहिले. तिला खरंच आठवत नव्हतं की मुलाचा धाक होता, हे मी तिच्या चेहऱ्यात शोधत होते. काही सापडलं नाही. ती म्हणाली, दार लावा, थंडी येतेय.

मुलगा डेप्युटीला म्हणाला, "अटक वगैरे नको. नाताळ आहे. फक्त लिहून घ्या. परत यायचं नाही, असं लेखी पाहिजे."

तसा एक कागद असतो. या मालमत्तेवर विनापरवानगी शिरलात, पुन्हा आलात तर अटक. त्यावर नाव, जन्मतारीख, पत्ता, सही. डेप्युटी पप्पांचं लायसन्स घेऊन गाडीत जाऊन बसला. आतला दिवा लागला. तो मान खाली घालून टाइप करत होता. मी पप्पांच्या शेजारी उभी होते, आणि माझ्या डोक्यात वकील काकूंचं एकच वाक्य फिरत होतं. नाव टाइप करतो आणि जे येईल ते वाचतो. आज काही येणार नाही. पण आजनंतर येईल. उद्या, महिन्यानं, जेव्हा कधी तो दुसरा माणूस आमची फाइल उघडेल तेव्हा.  

"बूट घालू का?" पप्पांनी त्या माणसाला विचारलं. परवानगी मागितली.

"घाला ना," तो म्हणाला. जणू त्यानं कधी अडवलंच नव्हतं.

पप्पांनी सही केली. डेप्युटीनं प्रत दिली आणि म्हणाला, "पुढच्या वेळी आधी फोन करा, सर." सर म्हणाला. पिकअप बाजूला झाला. पप्पा गाडीत बसताना म्हणाले, डबा आत राहिला. मी म्हणाले, राहू दे.

परतीच्या वाटेवर त्यांनी पाय हीटरसमोर धरले होते. बोटं निळसर पांढरी. "आईला सांगू नकोस," ते म्हणाले. "तिचा नाताळ जाईल."

मी घरात पाऊल टाकल्या टाकल्या सांगितलं.

आईनं गॅस बंद केला. कागद वाचला, उलटून मागची कोरी बाजूही वाचली. म्हणाली, "निघू या. आत्ता."

"उद्या दहाला उपासना आहे," पप्पा म्हणाले.

"अहो, त्यांच्याकडे आपला पत्ता आहे."

"पत्ता सगळ्या गावाकडे आहे. चर्चच्या पाटीवर आहे."

तिनं वकील काकूंना चार वेळा फोन लावला. उचलला नाही. सणाचा दिवस होता, का उचलतील? मग आई बॅगा भरायला लागली, आणि पप्पा प्रवचन लिहायला बसले. मी पडद्याच्या फटीशी बसून रस्ता बघत राहिले. एकदा शेरीफची गाडी गेली. ती रोजच त्या वेळी जायची, हे मला माहीत होतं. तरी मी दिसू नये म्हणून खाली जमिनीवर बसले.

नाताळच्या सकाळी गाडी चर्चसमोर तोंड बाहेर करून लावली होती, सामान आत. आई शेवटच्या बाकावर दाराजवळ बसली, अंगात कोट, हातात चावी. अकरा माणसं आली. पप्पांनी मेंढपाळांचा उतारा वाचला, देवदूत त्यांना म्हणतो ना, भिऊ नका, तो. त्याच वेळी दार उघडलं. आई ताडकन उभी राहिली. पप्पांचं वाक्य मध्येच तुटलं. सगळ्यांनी मागे वळून बघितलं. पोस्टातली बाई होती, दर वर्षी उशिरा यायची. ती ओशाळली आणि म्हणाली, सॉरी, बर्फ. पप्पांनी ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आई बसली नाही. शेवटच्या आशीर्वादापर्यंत उभीच होती.

नंतर हॉलमध्ये कॉफी. तेव्हा कळलं की गावाला कालच सगळं कळलं होतं. एक म्हातारा शेतकरी, ज्याच्या बायकोच्या अंत्ययात्रेत पप्पा पावसात उभे होते, तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "तो वाईट माणूस नाहीये. सावध आहे, एवढंच." दुसरीनं आम्हाला वाटेसाठी पेकन पाय दिला, अक्रोडासारख्या दाण्यांचा गोड पदार्थ. तिसरीनं पप्पांना मिठी मारली आणि रडली. सगळ्यांना फार वाईट वाटत होतं.

अकरा माणसं होती, पोस्टातल्या बाईसकट बारा. एकानंही म्हटलं नाही की मी शेरीफकडे जाऊन सांगतो, हा आमचा पाळक आहे, नाव काढा त्या कागदावरून. एक फोन. चार ओळी. कुणाच्या मनात तरी आलं असेल का? मी तेव्हा त्या पेकन पायची थाळी हातात धरून थँक्यू म्हणाले, त्याचा मला अजून राग येतो. पप्पांना विचारलं तर म्हणतात, आपण मागितलं नाही, त्यांनी दिलं नाही, त्यात त्यांची काय चूक? मी म्हणते, तुम्ही तर न मागता उंबरे शिवत होतात.

दुपारी निघालो. सहा तासांचा रस्ता आठ तासांनी संपला, कारण आईनं हायवेवर डावी, वेगाची लेन घेतली नाही.

शॉमबर्गला वकील काकूंनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाल्या, हे आपणच कळवायचं. त्यांना आधी सापडलं तर लपवलं असं होईल. काय घडलं ते एका पानात लिहून द्या. ते पान मी लिहिलं. मला तेव्हाच चांगलं लिहिता यायचं. पप्पांनी वाचलं आणि एका वाक्यावर बोट ठेवलं. सदर महिलेनं स्वतः आत बोलावलं आणि नंतर ओळख नाकारली.

"हे काढ."

"खरं आहे ते."

"तिला आठवत नसेल."

"आणि आठवत असेल तर?"

"तर तिला त्याच घरात राहायचंय." त्यांनी पेन घेतलं आणि स्वतः लिहिलं, मी न कळवता गेलो, ती माझी चूक. मी भांडले. आई भांडली. काकूंनी फोनवर कपाळाला हात लावला असणार. पान तसंच गेलं.

पुढचे आठ महिने दाराची बेल वाजली की आम्ही तिघंही जागच्या जागी थांबायचो. हातातला घास हातात. नव्या मंडळीतल्या बायका म्हणायच्या, पाळकसाहेब घरी का येत नाहीत? पप्पा फोनवर प्रार्थना करायचे. जवळच्याच नेपरव्हिलला एका घरी बाळ झालं, तिथे गेले नाहीत. एक तेलुगू काका दवाखान्यातून घरी आले, वारले, पप्पा थेट दफनालाच गेले. लोकांना वाटलं, खेड्यातून आलेत, शहराला बुजलेत.

ऑगस्टमध्ये पाकीट आलं. मोठं नाही, साधं. पप्पा म्हणाले, तू उघड. आई म्हणाली, तुम्ही उघडा. शेवटी मी उघडलं. पहिल्याच ओळीत मंजूर असं होतं. मी मोठ्यानं वाचलं. आई खुर्चीत बसली आणि तिनं पदर तोंडाला लावला. पप्पांनी कागद माझ्याकडून घेतला, चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. मग परत वाचला.

"त्या दिवसाचं काही लिहिलंय का यात?"

"नाही," मी म्हणाले. "काहीच नाही."

"म्हणजे माफ केलं का नाही, ते कळत नाही."

आईनं पदर खाली घेतला. "तुम्ही काय केलं होतं, म्हणून माफ करतील?"

 पप्पांनी कागद होता तशाच घड्यांवर मिटला, पाकिटात घातला आणि म्हणाले, वकीलबाईंना कळवायला हवं. मग फोन हातात घेऊन आधी मला विचारलं, "या वेळी केला तर चालेल ना? त्यांना त्रास नाही होणार?" दुपारचे दोन वाजले होते.